बढाईचा हक्क आणि तुटलेला सराव

मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांत गेली काही वर्षं एक बातमी ठरावीक अंतरानं येते. अमुक गावच्या डॉक्टरांनी, अभियंत्यांनी किंवा पोलीस अधिकाऱ्यांनी 'आयर्नमॅन किताब पटकावला'. सोबत फोटो असतो. गळ्यात पदक, खांद्यावर तिरंगा, कपाळावर वाळलेल्या घामाचं मीठ. मजकुरात आधी अंतरं येतात: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर धावणं. मग 'गुडघ्याच्या दुखापतीवर मात करून' असा अर्धा शब्दसमूह, आणि शेवटी श्रेय पत्नी व मित्रपरिवाराला.

यातले 'किताब' आणि 'पटकावला' हे शब्द मला फार दिवस खुणावत होते. किताब म्हटलं की आपल्याला हिंदकेसरी, महाराष्ट्रकेसरी आठवतात. तो एकालाच मिळतो आणि पटकवायचा तो समोरच्याला चीतपट करून. इथे मात्र तोच किताब त्याच दिवशी आणखी दीड-दोन हजार लोकांनी पटकावलेला असतो. 'फिनिशर' या शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही, म्हणून बातमीदारानं आखाड्यातला शब्द उचलला असं वाटतं. पण बातमीदाराला हसण्याआधी थोडा इतिहास बघावा, कारण नकळत तो मूळ अर्थाच्या जास्त जवळ आहे.

बातमीचं मोठं भावंड म्हणजे वृत्तांत. क्लबांच्या स्मरणिकांत, दिवाळी अंकांत, ओळखीच्यांच्या मेलमध्ये असे पन्नासेक 'माझी पहिली ट्रायथलॉन' वृत्तांत मी गेल्या तीन वर्षांत वाचले आहेत. मन लावून वाचले, कारण मी स्वतः सराव करत होते. आता गोव्यात मिरामारला अर्ध्या अंतराची, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ अशी एकूण ११३ किलोमीटरची शर्यत माझीही पूर्ण झाली आहे, आणि 'आता तू लिही' असा आग्रह सुरू आहे. ते लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की साचा तयारच आहे, त्यात फक्त माझे आकडे भरायचे आहेत. म्हणून आधी त्या साच्याबद्दलच लिहावं म्हटलं.

साचा असा. ऑफिसातला किंवा सोसायटीतला कुणीतरी मित्र हे वेड डोक्यात घालतो. लेखकाला पोहता येत नसतं, किंवा त्याचं वजन ९२ किलो असतं. कोच भेटतो. पहाटे चारचा गजर सुरू होतो. मग मध्यावर अडथळा येतो: गुडघा, पाठ, अपघात, कोविड, बदली. डॉक्टर 'विसरा आता' म्हणतात. लेखक खचतो, पण आतून आवाज येतो. शर्यतीच्या दिवशी समुद्र खवळलेला असतो, सायकलवर वारा समोरून असतो, धावताना तिसाव्या किलोमीटरला सगळं संपल्यासारखं होतं. मग लाल गालिचा, रेषा आणि डोळ्यांत पाणी. शेवटच्या परिच्छेदात वाचकाला सांगितलं जातं की ठरवलं तर काहीही अशक्य नाही.

यातलं काही खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. समुद्र खरंच खवळतो, वारा खरंच समोरून येतो. माझी तक्रार अडथळ्याच्या जागेबद्दल आहे. या साच्यात दुखापत, आजार, बुडालेला सराव हे सगळं रेषेपलीकडून पाहिलेलं असतं. रेषा ओलांडलेली आहे हे लिहिणाऱ्याला माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही. त्यामुळे अडथळा म्हणजे फोडणीतली मोहरी. ती तडतडली पाहिजे, पण जेवण तिच्यावर अडत नाही. प्रत्यक्षात पहिल्यांदा लांब अंतराच्या वाटेला लागलेल्या माणसाचे आठ-दहा महिने बहुतांशी अडथळ्यातच जातात, आणि त्या काळात शेवट माहीत नसतो.

हे असं का झालं हे शोधायचं तर १९७८ च्या फेब्रुवारीत होनोलुलूला जावं लागतं. अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्युडी तिथे राहत होते. आदल्या वर्षी धावण्याच्या एका रिले शर्यतीच्या बक्षीस समारंभात वाद रंगला की सगळ्यांत तंदुरुस्त कोण, पोहणारे की धावणारे. कॉलिन्सनं मध्येच एडी मर्क्सचं नाव घेऊन सायकलवाल्यांनाही त्यात ओढलं. मग ओआहू बेटावर आधीपासून असलेली पोहण्याची एक शर्यत, बेटाला वळसा घालणारी सायकलची फेरी आणि होनोलुलू मॅरेथॉन या तिन्ही एकाला एक जोडायचं ठरलं. जो पहिला येईल त्याला आयर्नमॅन म्हणायचं. म्हणजे मुळात नाव एकट्या पहिल्याचं होतं. आपल्या जिल्हा पुरवणीतला 'किताब' तिथून येतो.

त्या पहिल्या शर्यतीत १५ पुरुष उतरले, १२ जणांनी ती पूर्ण केली. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. दुसरा आलेला जॉन डनबार धावताना बराच वेळ पुढे होता. त्याच्या मदतनीसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली, अशी गोष्ट सांगतात. पण मला त्या दिवसातली सगळ्यांत बोलकी वस्तू वाटते ती स्पर्धकांना दिलेली नियमांची काही पानं. त्यांवर तिन्ही अंतरं लिहून पुढे कॉलिन्सनं हातानं लिहिलं होतं की हे करा आणि जन्मभर बढाई मारा. बक्षिसाची रक्कम नव्हती. बक्षीस होतं ते सांगण्याचा हक्क. म्हणजे वृत्तांत हे शर्यतीनंतर सुचलेलं शेपूट नाही. शर्यत सुरू होण्याआधीच तो तिच्या नियमांच्या कागदावर होता. लोक आधी धावले आणि मग लिहू लागले असं नाही. सांगता यावं म्हणूनही ते धावत होते, आणि अजून धावतात. हे कळलं की वृत्तांतांच्या एकसारखेपणाचा राग थोडा कमी होतो.

पण बढाई पहिल्याची राहिली नाही, पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाची झाली. तो बदल फेब्रुवारी १९८२ मध्ये एका बाईनं केला, आणि तोही हरून.

ज्युली मॉस तेव्हा २३ वर्षांची, कॅलिफोर्नियात शिकणारी मुलगी. पदवीच्या प्रबंधासाठी विषय म्हणून ती या शर्यतीत उतरली. शर्यत तोपर्यंत हवाईच्या मोठ्या बेटावर, कोनाला गेली होती आणि एबीसी वाहिनी तिचं चित्रण करत होती. मॉसची ही पहिलीच वेळ. ती बायकांमध्ये पुढे होती, आणि शेवटच्या काही अंतरात तिचं शरीर तिला सोडून गेलं. ती पडते, उठते, चार पावलं टाकते, पुन्हा गुडघे वळतात. मदतीला आलेल्यांना हात लावू देत नाही. रेषा दिसत असताना कॅथलीन मॅकार्टनी शेजारून निघून जाते आणि २९ सेकंदांनी जिंकते. आपण कुणाला ओलांडलं हे मॅकार्टनीला त्या अंधारात आणि गर्दीत कळलंही नव्हतं. मॉस उरलेलं अंतर रांगत जाते.

ही चित्रफीत मी बऱ्याच वेळा पाहिली आहे. तिची ताकद कशात आहे याची नेहमीची उत्तरं मला पटत नाहीत. 'मानवी जिद्दीचा विजय' वगैरे तर नाहीच, कारण तिथे विजय दुसरीच्या नावावर आहे. मला वाटतं ताकद याच्यात आहे की कॅमेरा चालू असताना शेवट कुणालाच माहीत नव्हता. निवेदकाला नव्हता, गर्दीला नव्हता आणि मॉसला तर मुळीच नाही. ती रेषेवर पोचेल की नाही हे ठरलेलं नसताना आपण पाहतो. शिवाय दृश्य देखणं नाही. आपल्या आतड्यांवरचा ताबाही सुटला होता हे तिनं नंतर स्वतः सांगितलं आहे. पडद्यावरची मुलगी वीर वगैरे दिसत नाही, दारू जास्त झालेल्या माणसासारखी दिसते. वृत्तांतांत 'शरीरानं साथ सोडली' हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल. त्याचा अर्थ त्या काही मिनिटांत कळतो, आणि तो फारसा उदात्त नाही.

परिणाम मात्र उलटा झाला. प्रक्षेपण पाहून लोकांची रीघ लागली. त्यातला एक मार्क ॲलन, जो पुढे सहा वेळा कोनाचा विजेता झाला आणि काही काळ मॉसचा नवराही. दुसऱ्या क्रमांकावर रांगत आलेली बाई विजेतीपेक्षा जास्त लक्षात राहिली आणि पूर्ण करणं हीच गोष्ट झाली. त्यानंतर दरवर्षी टीव्हीनं मॉस शोधायला सुरुवात केली. पुढे जे कार्यक्रम झाले त्यांत विजेत्यांच्या शर्यतीमध्ये गुंफलेल्या सामान्यांच्या कहाण्या असत: कर्करोगातून उठलेला, पाय गमावलेला, मूल गमावलेली. मध्यरात्रीची मुदत, घड्याळ, रेषा. मॉसच्या वेळी जे नशिबानं कॅमेऱ्यापुढे घडलं ते आता आधी मुलाखत घेऊन, घरी जाऊन, संगीत लावून घडवलं जाऊ लागलं. न ठरलेला शेवट असलेल्या दृश्यातून ठरलेल्या शेवटाचा साचा निघाला.

चित्रपट त्याच वाटेनं गेले. फ्रेंच 'द तूत नो फोर्स' मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा आपल्या तुटक बापाला नीसच्या आयर्नमॅनमध्ये ओढतो. स्पॅनिश '१०० मेत्रोस' मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या माणसाला वर्षभरात १०० मीटरही चालता येणार नाही असं ऐकावं लागतं आणि तो शर्यतीच्या मागे लागतो. तिथे सासरा त्याचा कोच आहे, आणि ही खाष्ट जोडी हाच त्यातला सगळ्यांत जिवंत भाग. दोन्ही चित्रपट रडवतात, मीही रडले. पण मल्टिपल स्क्लेरोसिस रेषेपाशी थांबत नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळीही असतो. रेषेवर संपणारी गोष्ट आजाराची असू शकत नाही, शर्यतीचीच असते. आजार तिच्यात चढ म्हणून येतो.

आता थोडं माझं, कारण मुद्दा तिथूनच सुचला. आपल्याकडची शर्यत पावसाळा संपल्यावर असते. म्हणजे सरावाचे मुख्य महिने जून ते सप्टेंबर. १९८२ मध्येच कोनाची शर्यत फेब्रुवारीतून ऑक्टोबरमध्ये नेली गेली, त्या एका वर्षात ती दोनदा झाली, कारण थंड प्रदेशातल्या लोकांना हिवाळ्यात सराव करता येत नव्हता. अमेरिकेतल्या बर्फाची सोय झाली. आपल्या पावसाची सोय कोण करणार? नाशिकला त्र्यंबक रस्त्यावर जुलैत पहाटे सायकल चालवणं म्हणजे खड्डा पाण्याखाली किती खोल आहे याचा अंदाज बांधत जाणं. ओलं धुकं, ट्रकचे दिवे, निसटणारं चाक. जुलैच्या मध्याला माझ्या नडगीच्या हाडावर ताण आल्याचं निदान झालं. सात आठवडे धावणं बंद. त्या सातातल्या पाचव्या आठवड्यात डेंग्यू. ताप गेला तरी दोन मजले चढले की भिंतीला टेकून उभं राहावं लागे. पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी बंद होता तो वेगळाच. आराखड्यातले किती टक्के व्यायाम झाले याचा आकडा घड्याळाचं ॲप दर आठवड्याला लालात दाखवत असे.

हे मी दया यावी म्हणून सांगत नाही. सांगायचं आहे ते त्या दिवसांच्या पोताबद्दल. त्यात कथानक नव्हतं. सकाळी नडगी दाबून बघायची. कालपेक्षा कमी दुखतंय की आपणच कमी जोरानं दाबलं? पायाखाली जमीन न लागता खोल पाण्यात धावल्यासारखे पाय मारायचे, तलाव चालू असेल तर. प्लेटलेटचा कागद बघायचा. आतला आवाज वगैरे आला नाही. कंटाळा आला, चिडचिड आली, आणि अधूनमधून, हे कुठल्याच वृत्तांतात मी वाचलं नाही, सुटकेचा आनंदही झाला. शनिवारी रात्री दहानंतर जागता येत होतं. हापूस संपला होता पण पिक्चर होते. दुखापतीत एक रजा दडलेली असते आणि ती आवडते. अडथळ्याला खलनायक करायचं ठरलं की ही गोष्ट सांगता येत नाही.

मग शर्यत पूर्ण कशी झाली? प्रामाणिक उत्तर नीरस आहे. तीन वर्षं सायकल चालवत होते. हृदय-फुप्फुसांनी कमावलेलं बळ सात आठवड्यांत धुऊन जात नाही, आणि पाण्यात किंवा सायकलवर थोडंफार चालू ठेवलं तर बरंचसं टिकतं. पडतं ते मुख्यतः पायांचं धावण्याला सरावलेपण. ते नसलं तर चालता येतं. साडेआठ तासांच्या मुदतीत एकवीस किलोमीटरांतले निम्मे चालत गेलं तरी गणित बसतं, पोहणं आणि सायकल वेळेत झाली तर. त्या सकाळी समुद्र शांत होता. मी ५८ मिनिटांत बाहेर आले. सायकल मुद्दाम हळू चालवली, मुदतीला अकरा मिनिटं उरली असताना आत आले. उरलेलं धावत-चालत. एकूण ८ तास १७ मिनिटं. जिद्द या शब्दाला यात जागा आहे, पण ती शांत समुद्राच्या आणि अंकगणिताच्या मागे, तिसऱ्या रांगेत. मराठीत 'जिद्द' हा शब्द फार खादाड आहे. तो आला की कारणं संपतात. हवामान, पैसे, आधीची वर्षं, कुणी घर सांभाळलं, सगळं तो गिळतो.

घर सांभाळण्यावरून आठवलं. पुरुषांच्या वृत्तांतात 'पत्नीनं खंबीर साथ दिली' हे एक वाक्य असतं. दोन वर्षांचे रविवार, मुलांचे क्लास, सासऱ्यांची औषधं हे सगळं त्या 'खंबीर'मध्ये बसवलेलं. बायकांनी लिहिलेले वृत्तांत मोजकेच वाचायला मिळतात, पण त्यांत हा भाग एका वाक्यात उरकत नाही. स्वयंपाक कोण करायचं, सासूबाई काय म्हणाल्या, मुलीच्या परीक्षेच्या आठवड्यात सराव कसा हलवला, याचा सविस्तर हिशोब असतो. जणू आधी घरचा ताळेबंद दाखवल्याशिवाय पुढे बोलायची परवानगी नाही. मला स्वतःला शेजारच्या काकूंनी विचारलेला प्रश्न होता, 'अगं, मग घरचं कोण बघतं?' साहित्य म्हणून बघितलं तर मात्र याच हिशोबी परिच्छेदांत खरा ऐवज आहे. तिथे साचा फाटतो. खरी माणसं, खऱ्या वेळा आणि खरी कुरबुर दिसते. 'खंबीर साथ' लिहिणाऱ्यांनी हे परिच्छेद वाचावेत.

मग या साच्याबाहेर कुणी लिहिलंय का? माझ्या वाचनात एकच पुस्तक पुन्हा पुन्हा येतं, हारुकी मुराकामीचं धावण्याविषयीचं. ते जपानीत २००७ मध्ये आणि फिलिप गॅब्रिएलच्या इंग्रजी अनुवादात पुढच्या वर्षी आलं. बहुतेक लोक ते मॅरेथॉनचं पुस्तक म्हणून वाचतात. त्याचा शेवट मात्र ट्रायथलॉनवर होतो, निइगाता प्रांतातल्या मुराकामी नावाच्याच गावी. अंतर छोटं, ऑलिंपिकचं. तरी लांब अंतराच्या कुठल्याही वृत्तांतापेक्षा मला ते जास्त कामाचं वाटतं, कारण अपयशाला तिथे स्वतःची खोली आहे.

एका शर्यतीत पोहायला सुरुवात केल्यावर त्याचा श्वास बिघडतो, धाप इतकी लागते की पोहता येत नाही, आणि तो बाद होतो. अनुभवी धावपटू, जाडजूड कादंबऱ्या लिहिणारा माणूस, पाण्यात श्वास घेता येत नाही म्हणून बाहेर. साच्यात हा खचण्याचा क्षण झाला असता. मुराकामी काय करतो? मेकॅनिकसारखा कारण शोधतो. सुरुवातीच्या ताणात आपण घाईनं, उथळ श्वास घेतो हे त्याला हळूहळू उमगतं. पोहण्याची ढब सुधारायला तो कोच शोधतो. आधीच्यांचं जमत नाही, मग एक बाई भेटतात, ज्या सगळं एकदम न बदलता एकेक हालचाल दुरुस्त करत नेतात. त्या शिकण्याबद्दलची पानं मला पुस्तकातली सर्वांत चांगली वाटतात. त्यांत चारित्र्याची परीक्षा नाही, खांदा किती वळवायचा हे आहे.

पण त्याच पुस्तकात न्यूयॉर्कची मॅरेथॉनही आहे. पुस्तकाचा मोठा भाग तिच्या तयारीचा आहे. तयारी मनासारखी होते, आणि शर्यत बिघडते. पाय आखडतात, वेळ वाईट येते. इथे मेकॅनिकला दोष सापडत नाही. सराव चांगला झाला आणि निकाल आला नाही, एवढंच. लेखक म्हणून इथे खोटं बोलायचा मोह किती झाला असता! काहीतरी शिकलो म्हणता आलं असतं. तो तसं करत नाही, ती शर्यत तशीच अर्धवट उघडी ठेवून पुढे जातो. सराव आणि निकाल यांचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नाही, हे मान्य करणारं या विषयावरचं दुसरं पुस्तक मला माहीत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी वृत्तांतांना सर्वांत जास्त झोंबावी. १९९६ मध्ये होक्काइदोतल्या सारोमा तलावाकाठी तो १०० किलोमीटर धावतो. पूर्ण करतो. रेषा ओलांडतो. आणि त्यानंतर त्याची धावण्याची ओढ कमी होते, बरीच वर्षं पूर्वीसारखी परत येत नाही. याच काळात तो ट्रायथलॉनकडे वळतो. म्हणजे इथे नुकसान पूर्ण करण्यानं झालं आहे. गालिचा, पदक आणि अश्रूंवर थांबणाऱ्या लेखनाला हे दिसणंच शक्य नाही, कारण ते त्याच संध्याकाळी लिहिलेलं असतं. मुराकामी काही वर्षं थांबून लिहितो. वृत्तांतांना मी एकच व्यावहारिक सूचना करेन: सहा महिन्यांनी लिहा.

पुस्तक निर्दोष नाही. सगळ्यावर एक समंजस, मोजका सूर पसरलेला आहे. कधी कधी वाटतं की या माणसाला राग येतच नाही. वेळ आणि पैसा या प्रश्नांचा त्याच्यावर भार नाही. मूल नाही, हजेरी नाही, हवाईत राहून सराव करता येतो. बायको पुस्तकात क्वचित येते आणि तिच्या सकाळी कशा गेल्या हे आपल्याला कळत नाही. 'खंबीर साथ' त्यानंही मौनातच ठेवली आहे. तरी शेवटच्या त्या शर्यतीत व्हॅसलीन लागलेल्या बोटांनी त्याचा पोहण्याचा चष्मा धुरकट होतो, पुढचं नीट दिसत नाही, आणि तो वेडावाकडा पोहत राहतो, ते वाचताना मला आपला माणूस भेटल्यासारखं होतं. इतक्या वर्षांच्या सरावानंतर चष्म्याला व्हॅसलीन!

आपल्याकडे अशा वेळी कुणीतरी वारीची उपमा देतंच. मला ती जुळत नाही. वारीत मुदत नाही, मागे पडलेल्याच्या घोट्यावरची चिप कुणी काढून घेत नाही, आणि वारी केली म्हणून कुणी किताब पटकावत नाही. शिवाय पुढच्या आषाढीला परत जायचंच असतं, त्यामुळे 'पहिली' वारी ही वेगळी गोष्ट होत नाही. ट्रायथलॉनमध्ये मुदत आहे, आणि मुदतीमुळेच काही जण बाहेर राहतात. १९७८ च्या १५ जणांतही तिघांची शर्यत पूर्ण झाली नाही. त्यांच्याही दुखापती असतील, त्यांनीही पहाटे गजर लावले असतील. बढाईचा हक्क त्यांना मिळाला नाही, म्हणून त्यांचा वृत्तांतही नाही. आपण वाचतो ते सगळे उरलेल्या बारांचे. दुखापत असूनही पूर्ण केलेल्यांचंच लेखन समोर आलं की दुखापतीनं काही अडत नाही असं वाटू लागतं, आणि हा भ्रम नव्या माणसाच्या नडगीला महाग पडू शकतो.

मिरामारला शर्यत संपल्यावर सायकल घ्यायला गेले तेव्हा शेजारच्या स्टँडवर सांगलीकडचे एक शिक्षक आपली सायकल काढत होते. आराखड्यातला एकही आठवडा त्यांनी बुडवला नव्हता, शाळेच्या आधी आणि नंतर, पावसातसुद्धा. सायकलच्या मुदतीला ते चार मिनिटं उशिरा पोचले होते, त्यामुळे धावायला सोडलं नाही. माझं पदक पाहून त्यांनी अभिनंदन केलं, नडगीचं ऐकल्यावर आता बर्फ लावा म्हणाले. मी विचारलं, 'सर, तुम्ही लिहिणार का यावर?'

'काय लिहू ताई? दोन पंक्चर झाली.'

दुसऱ्या वेळी जवळची ट्यूब संपली होती, म्हणून रस्त्याकडेला बसून पॅच लावावा लागला होता. त्यांनी मागचं चाक उचललं, हातानं सावकाश फिरवलं आणि तो कुठे बसलाय ती जागा मला दाखवली.